कांड्या पाच, मोटर गप्प

फोनवरून विहिरीची मोटर चालू-बंद करणारी पेटी, म्हणजे मोबाईल स्टार्टर, घेणाऱ्या शेतकऱ्याला दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात: पेटीत सिम घाला आणि फोन लावा. विकणाऱ्या दुकानदारालाही बहुधा तेवढंच माहीत असतं. पेटी विहिरीवर बसते, आतला दिवा लुकलुकतो, शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनला तिथे उभं राहून सिग्नलच्या पाच कांड्या दिसतात आणि मोटर काही उठत नाही. पहिला फोन वायरमनला जातो, दुसरा दुकानदाराला. प्रकरण आमच्यापर्यंत येतं तेव्हा 'मॉड्यूल गेलंय' हा निकाल लागून चुकलेला असतो.

मी इंदूरला सांवेर रोडवर एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगचं टेबल सांभाळते. विहिरीच्या नि बोअरच्या मोटरींचे स्टार्टर, पाण्याच्या टाक्यांची पातळी कळवणारे डबे, असला आमचा माल. प्रत्येकात इंचभर लांबी-रुंदीचं एक सेल्युलर मॉड्यूल. ते टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कवर रुजू करायचं आणि मगच पेटीचं झाकण लावायचं, हे माझं काम. रामबागेत आमच्या नातेवाइकांत याला 'मोबाईल रिपेअरिंग' म्हणतात. मी समजावून सांगणं कधीच सोडलंय.

परत आलेल्या पेट्यांत खरोखर मेलेलं मॉड्यूल क्वचितच सापडतं. पाणी मुरत असतं ते नोंदींमध्ये. मॉड्यूल एक सांगतं, सिम दुसरं, टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर, म्हणजे सिमांचा हिशेब ठेवणाऱ्या वेबसाइटवर, तिसरंच लिहिलेलं असतं आणि टॉवर बिचारा जे लिहिलंय त्याप्रमाणे वागतो. त्यामुळे स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी आकडे जुळवायचे.

आकडे चार. मॉड्यूलचा स्वतःचा आयएमईआय, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, १५ आकडी. त्यातले पहिले आठ मॉडेलचे, पुढचे सहा त्या नगाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. मग सिमच्या प्लास्टिकवर छापलेला आयसीसीआयडी, म्हणजे त्या सिमकार्डाचा नंबर, जो ८९ ने सुरू होतो आणि भारतातलं सिम असेल तर पुढे ९१ असतात. सिमच्या आत आयएमएसआय, म्हणजे नेटवर्कसाठी ग्राहकाची ओळख, आपल्याकडे ४०४ किंवा ४०५ ने सुरू होणारा. टॉवरशी ओळखपाळख होते ती याच्या जोरावर. आणि शेवटी फोन नंबर. आपल्याला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, नेटवर्कला त्याचं फारसं कौतुक नसतं. यंत्रांसाठीच्या एम-टू-एम सिमला तर दहा आकडी नंबरही नसतो: १ जुलै २०१८ पासून दूरसंचार विभागाने अशा नव्या सिमना १३ आकडी नंबर द्यायला लावले. बाजारातल्या कित्येक जुन्या अ‍ॅपमध्ये मात्र नंबराचा रकाना अजून दहाचाच आहे. तेरा आकडे टाकायला गेलं की शेवटचे तीन गपकन गिळतं आणि वर 'सेव्ह झालं' म्हणतं.

आमच्याकडे नवा आलेला पोरगा हे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवायचा. मी त्याला स्कॅनर दिला आणि सांगितलं, बाबा रे, पंधरा आकड्यांत डोळा एकदा तरी घसरतोच. मॉड्यूलवरच्या स्टिकरवरही माझा भरवसा नसतो. मॉड्यूललाच विचारायचं. 'एटी+सीजीएसएन' टाइप केलं की ते स्वतःचा आयएमईआय सांगतं. स्टिकर आणि उत्तर वेगळं निघालं तर तो नग बाजूला ठेवायचा. आयएमईआय बदलून देण्याचे उपाय सुचवणारे लोक असतात, पण २०१७ च्या नियमांपासून हा सरळ गुन्हा आहे. आमच्या शेठना मी एकदा एवढंच म्हटलं, "काका, पेटीला जामीन मिळेल, तुम्हाला नाही." पुन्हा विषय निघाला नाही.

बाकीची चौकशीही अशीच, लॅपटॉपवर काळ्या खिडकीत एकेक ओळ लिहून करायची. क्रम मोडायचा नाही, कारण आधीच्या प्रश्नाचं उत्तर नीट आल्याशिवाय पुढच्याला अर्थ नसतो. आधी 'एटी+सीपीआयएन?': सिम दिसतंय का, पिन तर मागत नाही ना. मग 'एटी+सीएसक्यू': सिग्नल. याचं उत्तर ० ते ३१ मध्ये येतं, ९९ आलं तर काहीच कळलं नाही असं समजायचं. आलेल्या आकड्याची दुप्पट करून ११३ मधून वजा करा आणि पुढे उणे चिन्ह लावा, झाले डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप. मूळ आकडा दहाच्या खाली असेल तर मी अँटेना बघते, पंधराच्या वर असेल तर अँटेनाला हात लावत नाही. इथेच बहुतेक लोक थांबतात. कांड्या आहेत ना, मग नेटवर्क आहे! कांड्यांवरून इतकंच कळतं की टॉवरचा आवाज पेटीला ऐकू येतोय. टॉवरने पेटीला आत घेतलंय की नाही, हे त्यात कुठेच नसतं.

ते विचारायची ओळ 'एटी+सीईआरईजी?'. उत्तरातला दुसरा आकडा बघायचा. १ म्हणजे घरच्या नेटवर्कवर रुजू. ५ म्हणजे रोमिंगवर रुजू. २ म्हणजे शोधतंय, थांबा. आणि ३ म्हणजे टॉवरने स्पष्ट नाही म्हटलं.

हा ३ दिसला की मला खरं तर बरं वाटतं. नकार मिळालाय म्हणजे पेटीचा आवाज टॉवरपर्यंत पोचलाय, अँटेना धड आहे, सोल्डरिंग धड आहे, बोलाचाली झालीय. आता कारण विचारायचं. 'एटी+सीईईआर' टाकलं की बरीच मॉड्यूल नकाराचं कारण सांगतात, काही शब्दांत, काही नुसत्या आकड्यात. कारण ६ असेल तर टॉवरला यंत्रच मान्य नाही, म्हणजे आयएमईआयची भानगड. कारण ८: या सिमला सेवाच दिलेली नाही, बहुधा पोर्टलवर चालूच केलेलं नसतं. २७ आलं तर एपीएनचं, म्हणजे डेटा ज्या दारातून बाहेर जातो त्याचं, नाव चुकलंय. ३३ म्हणजे नाव बरोबर आहे, पण या सिमच्या प्लॅनमध्ये ती सेवा घेतलेली नाही. २७ आणि ३३ यांत दोन वेगळी माणसं कामाला लागतात: पहिल्यासाठी मी, दुसऱ्यासाठी कंपनीचा प्रतिनिधी. तरी कारण न विचारताच दोघांनीही दिवसभर एकमेकांवर ढकलत बसायचं, ही आपल्याकडची रीत.

यातली एक गोष्ट कळायला मला वेळ लागला आणि ती कुणी सांगतही नाही. काही नकारांनंतर मॉड्यूल पुन्हा विचारायला जातच नाही. ८ मिळालं की ते सिम निकामी धरतं आणि वीज बंद करून परत चालू करेपर्यंत, किंवा सिम काढून घालेपर्यंत, तसंच बसून राहतं. कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, "मैडम, अभी एक्टिव कर दिया, देखिए." आपण बघतो, तर मागचे पाढे पंचावन्न. तो खरं बोलत असतो. फक्त पेटीला ते कुणी कळवलेलं नसतं.

११ नंबरचं कारण याहून चिवट. 'या नेटवर्कवर तुला परवानगी नाही' असं ऐकलं की त्या नेटवर्कचा कोड सिमवरच मनाई-यादीत लिहिला जातो. वीज घालवून उपयोग नाही. सिम दुसऱ्या पेटीत घातलं तरी यादी बरोबर जाते. मानपानात चुकलेल्या व्याह्यासारखं ते नाव धरून ठेवतं. दुसऱ्या राज्यातून आलेला सिमांचा एक गठ्ठा असाच अडला होता. बाहेरच्या सर्कलची, म्हणजे कंपनीच्या दुसऱ्या सेवाक्षेत्राची, परवानगी उघडायची राहिली होती. आम्ही पेट्या लावल्या, नकार घेतला, मग परवानगी उघडली आणि कंपनीने हात वर केले: आमच्याकडून सगळं क्लिअर आहे. होतंही. मी सिमची ती यादी वाचायची ओळ टाकली. 'एटी+सीआरएसएम', पुढे १७६ म्हणजे 'वाच', मग २८५३९. हा २८५३९ म्हणजे सिममधल्या त्या फायलीचा क्रमांक. उत्तरात २४ अक्षरं आली, एकेका नेटवर्कला सहा या हिशेबाने चार जागा. तीन जागांत नुसते 'एफ', म्हणजे रिकाम्या. पहिल्या जागेत '०४एफ४' आणि पुढे दोन आकडे. आकडे जोडीजोडीने उलटे लिहिलेले असतात, त्यामुळे ४०४ चं तिथे हे असं रूप होतं. सुलटं करून वाचलं तर ज्या कंपनीचं सिम, तिचंच आमच्या सर्कलमधलं नेटवर्क मनाई-यादीत पहिलं. मग १७६ च्या जागी २१४, म्हणजे 'लिही', घालून चारही जागा 'एफ'नी भरल्या आणि मॉड्यूल बंद-चालू केलं. मॉड्यूलचा दिवा तोवर भरभर मिचमिचत होता, तो संथ झाला. पोरगा म्हणाला, "ताई, हे तर जादू झालं." जादू कसली. पुढचा अख्खा गठ्ठा त्यानेच पुसला.

रोमिंगचं ५ हेही एक दुखणं. एम-टू-एम सिम कंपन्या कधी कधी एकाच सर्कलमधून देशभराला देतात. सिम महाराष्ट्राच्या किंवा गुजरातच्या खात्यावरचं, पेटी बसणार इंदूरजवळच्या देपालपूरला. मग टॉवर आत घेतो, डेटाही चालतो, पण उत्तर १ ऐवजी ५ येऊ शकतं. पेटीचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, लिहिणाऱ्याने फक्त १ ची वाट बघितली असेल, तर ती पेटी नेटवर्कवर बसून नेटवर्क शोधत राहते. दर काही मिनिटांनी स्वतःच मॉड्यूल रिसेट करते, परत ५, परत रिसेट. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सिग्नल येतो-जातो. बाहेरून विकत आणलेलं कुठलंही कंट्रोलर कार्ड, म्हणजे पेटी चालवणारा सर्किटबोर्ड, टेबलावर आलं की मी हे सगळ्यांत आधी तपासते.

आता सिम कुठलं, या जुन्या वादाकडे येते. जेल रोडवरून फोनचं साधं प्रीपेड सिम आणून पेटीत घालणं स्वस्त आणि सोपं, हे मान्य. पण माळव्यातली मोटर बारा महिने चालत नाही. गहू, लसूण, बटाटा, हरभरा यांना पाणी द्यायचं ते हिवाळ्यात. पावसाळ्यात सोयाबीन उभं असताना विहिरीवर कुणी फिरकत नाही आणि रिचार्जही कुणी करत नाही. ९० दिवस ना कॉल, ना मेसेज, ना डेटा आणि खात्यात २० रुपयेही शिल्लक नाहीत, तर प्रीपेड नंबर बंद करायला कंपनीला मोकळीक आहे. बंद झालेला नंबर पुढे कधी तरी दुसऱ्याला जातो. हातोदकडच्या एका शेतकऱ्याने दिवाळीनंतर मोटर लावायला फोन केला, तर तिकडून माणूसच बोलला. "कौन बोल रिया है?" यांनी विचारलं, "तू कौन? मेरी मोटर का नंबर है!" बराच वेळ दोघं एकमेकांना चोर म्हणत होते. नंतर त्यांनी हे मला रंगवून सांगितलं आणि शेवटी विचारलं, मग आता मोटर कशी लावू?

एम-टू-एम सिमचं हे दुखणं नाही, पण त्याला दुसरी बंधनं आहेत. ते कंपनीच्या नावावर मिळतं, कागदपत्रं द्यावी लागतात, आणि २०२२ पासून अशी सेवा देणाऱ्यांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते. २०१८ च्या सूचनांप्रमाणे त्यावरचे कॉल आणि मेसेज ठरवून दिलेल्या नंबरांशीच होतात. म्हणजे मोठ्या मुलाच्या फोनवरूनही मोटर लावायची असेल, तर तो नंबर आधी नोंदवायला हवा. रात्री थ्री-फेज आली आणि बाप आजारी पडला, म्हणून शेजाऱ्याच्या फोनवरून मोटर लावू, हे जमत नाही. माझं मत असं: पेटी डेटावर चालणारी, अ‍ॅपवरून हुकूम घेणारी असेल तर एम-टू-एम सिमशिवाय दुसरं घालू नये. शेतकऱ्याला फोन करूनच मोटर लावायची असेल तर त्याच्या नावाचं साधं सिम घाला, पण रिचार्ज संपायची तारीख पेटीच्या दारावर आतून मार्करने लिहा. दुकानदारांना हे दुसरं वाक्य ऐकू येत नाही.

फोन करून मोटर लावायची म्हटलं की आणखी एक गाठ येते. जिओ २०१६ च्या सप्टेंबरात आलं ते फक्त फोर-जी घेऊन. त्यामुळे जुनं टू-जी मॉड्यूल असलेल्या पेटीत ते सिम घालून काही होणार नाही, हे आता सगळ्यांना कळलंय. पण फोर-जी मॉड्यूल असलं तरी फोन लागेलच असं नाही. टू-जी नसलेल्या नेटवर्कवर कॉल व्होल्टीनेच, म्हणजे फोर-जीच्या डेटावरूनच, होतो, आणि त्यासाठी मॉड्यूलला व्होल्टी यायला हवं, वर त्या त्या कंपनीची प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा संच, त्याच्यात भरलेली आणि निवडलेली हवी. काही स्वस्त मॉड्यूल नुसती डेटाची असतात. अशी पेटी रुजू होते, इंटरनेट झकास चालतं आणि फोन लावला की 'आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती...'. खरेदी करताना माहितीपत्रकात व्होल्टी हा शब्द शोधा. नसेल तर नाहीच आहे असं धरा.

त्याच पानावर बँडांची, म्हणजे मॉड्यूल कोणत्या लहरींच्या पट्ट्यांवर चालतं त्याची, यादीही बघून घ्या. बीएसएनएलचं फोर-जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. २१०० म्हणजे बँड १, तो बहुतेकांत असतो. ७०० म्हणजे बँड २८, आणि तो बऱ्याच स्वस्त मॉड्यूलमध्ये नसतो. गावात फक्त बीएसएनएलचा टॉवर असेल तर हा एक आकडा बघून मगच ऑर्डर द्या.

वीजपुरवठ्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच लिहितात. टू-जीवर बोलताना मॉड्यूल क्षणभरासाठी दोन अँपिअरपर्यंत ओढतं. पुरवठा दुबळा असेल तर टॉवरशी बोलायच्या नेमक्या क्षणी ते बसकण मारतं आणि परत उठतं. मोठा कपॅसिटर लावा, तो मॉड्यूलच्या अगदी जवळ लावा, विषय संपला.

त्यापेक्षा जास्त वेळ खातो तो खाजगी एपीएन. टाक्यांच्या डब्यांना आम्ही जी सिम घालतो त्यांचा डेटा मोकळ्या इंटरनेटवर जातच नाही, थेट आमच्या सर्व्हरवर जातो, बाकी सगळे दरवाजे बंद. हे चांगलंच आहे. सिम चोरून कुणी फोनमध्ये घातलं तरी त्यावर सिनेमा बघता येत नाही. पण ग्रामपंचायतीचा संगणकवाला डबा उघडतो, सिम आपल्या फोनमध्ये घालून बघतो, गूगल उघडत नाही, आणि कळवतो की सिम बंद आहे. मग कंपनी दुसरं सिम पाठवते. दुसऱ्याचंही गूगल उघडत नाही. आता मी डब्यात चिठ्ठीच चिकटवते, हिंदीत, मोठ्या अक्षरांत: हे सिम फोनमध्ये घालून तपासू नका.

आणि फोनमध्ये घालण्यात दुसराही धोका असतो. काही सिम पोर्टलवर एका आयएमईआयला बांधलेली असतात. दुसऱ्या यंत्रात गेली की पोर्टलवर लाल खूण येते आणि सिम थांबवलं जातं. म्हणून दुरुस्तीला जाणाऱ्या पोराला मी बजावून ठेवलंय: पेटीतलं मॉड्यूलचं कार्ड बदलायचं असेल तर आधी नव्या कार्डाचा आयएमईआय मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, मी पोर्टलवर जुना सोडवून नवा बांधते, माझं 'हो' आलं की मगच सिम हलव. सिग्नल नसलेल्या विहिरीवरून व्हॉट्सअ‍ॅप कसं करू, असं त्याने विचारलं. रास्त प्रश्न होता. म्हणून आता निघतानाच त्याच्याबरोबर दोन जादा कार्डं देते, आधीच रुजू करून, स्वतःच्या सिमांसकट. शेठ म्हणतात, दोन सिमांचं भाडं फुकट जातं. फुकट जात नाही. ती सिम पोर्टलवर 'टेस्ट' अवस्थेत ठेवलेली असतात आणि आमच्या प्लॅनमध्ये पहिला खरा डेटा जाईपर्यंत बिल सुरू होत नाही. हे मी त्यांना दर महिन्याच्या बिलावर बोट ठेवून दाखवते.